अनुसयाबाईंची आठ पदं

"मग दोष तुमच्या भोंग्याचा नाही, तर कुणाचा?" यशोधनने विचारलं.

द्वारकाआक्का मांडीवर भोंग्याचं युनिट, म्हणजे मागची आवाजाची डबी, उघडून बसल्या होत्या. चाळीस वर्षं जत्रांना भोंगे बांधलेली बाई, शाळा चौथीपर्यंत. यशोधन तार सोलायला शिकला तो त्यांच्याकडेच. आता त्याचा पुण्यात स्टुडिओ होता.

"आणलंयस ना ते गाणं? मग दे इकडं."

देवळात रोज काकडा म्हणणाऱ्या अनुसयाबाई गेल्या. जाण्याआधी त्याने त्यांची आठ पदं रेकॉर्ड केली होती. दहा दिवस खपून मिक्सिंग केलं, तेराव्याला गावाकडे पाठवलं. देवळाच्या भोंग्यावर पेटी वाजली, टाळ वाजले. बाईंचा आवाज तेवढा आला नाही.

आक्कांनी त्याचा हेडफोन कानांना लावला. डोळे मिटले.

"सुंदर. डोक्याभोवती फिरून गातेय."

यशोधन खुलला. "तेच म्हणतोय मी!"

आक्कांनी हेडफोन काढला. डाव्या-उजव्या कानासाठी येणाऱ्या दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि एकाच भोंग्यात सोडल्या.

पेटी. टाळ.

एक तार सोडवली. अनुसयाबाई गाऊ लागल्या. पुन्हा जोडली. गप्प.

यशोधनचा चेहरा उतरला. "आवाज पसरट वाटावा म्हणून... एका कानात सरळ ठेवला होता, दुसऱ्यात त्याचीच लाट उलटी करून. फक्त बाईंचा, पेटी-टाळ तसेच."

"दोन कानांत भांडत नाहीत. एका तोंडातून काढलेस, एकमेकांना खाल्लं. साध्या मोबाईलवर लावून बघितलं होतंस?"

"असल्या डबड्यावर कोण ऐकतं, आक्का!"

"गाव."

त्याने पिळलेल्या तारा सोडवल्या.

"मीही शहाणीच," आक्का म्हणाल्या. "आवाज येईना म्हणून भोंगा वाढवत गेले. पेटी तेवढी मोठी झाली... गुंडूतात्या खालीच बसले होते. आठही पदं संपेपर्यंत हलले नाहीत."

"काही म्हणाले?"

"बायकोचा आवाज ऐकायला बसलेला माणूस. उठताना म्हणाले, 'द्वारके, रागावलीय ती. मी दवाखान्यात उशिरा नेलं ना.'"

...

"तुम्ही सांगितलं नाहीत, भोंग्याचं काहीतरी बिघडलंय म्हणून?"

"सांगितलं. म्हणाले, 'पेटी कशी येते मग?'"

यशोधन उठला. हेडफोन तिथंच राहिला.

"तासाभरात दुरुस्त करतो, आक्का. आजच नेऊन लावतो. तिचा आवाज कानावर पडला की त्यांच्या मनातलं सगळं निघून जाईल. वेगळं काही बोलायलाही नको..."

आक्कांनी युनिट खाली ठेवलं.

"आधी बोल, चूक तुझी होती म्हणून. बोलून झाल्यावर ते 'लाव' म्हणाले, तरच लाव."