पोफळीचा शेंडा

झाडं माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. शेंडा उडवला की झाड जोमानं फुटतं, हे गोदाक्काला जास्वंदीनं शिकवलेलं. म्हणून ती परसातल्या कमरेएवढ्या पोफळीवरही कोयता घेऊन आली.

पोफळ म्हणाली, "अक्का, सुकली झावळी खुशाल काढ. शेंडा नको. माझा जीव तेवढाच, तिथंच."

जास्वंद हसली. "भित्री मेली. मी वर्षाला छाटून घेते."

"तुला फांदीफांदीला जीव आहे, बाई."

गोदाक्का वाकली. शेंड्यातून भाल्यासारखं मिटलेलं कोवळं पान वर आलं होतं. बघता बघता ते पिसापिसानं सुटू लागलं. एवढं मोठं पान एवढ्याशा शेंड्यात मावलं कसं? तिनं कोयता खाली ठेवला.

"अक्का, माझी छाटणी राहिली," जास्वंद म्हणाली.

"गप गं. उघडू दे तिला."