सात समुद्रांपलीकडचं अत्तर

पांघरूण घ्या आधी. चुळबुळ करणाऱ्याला गोष्ट नाही, सांगून ठेवते. हं. एका नगरीत होता एक राजा, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईनं धरला होता हट्ट.

राजमाताच ती! म्हणाली, "तुझे वडील मला अत्तर आणायचे. तो वास एकदा येऊ दे, मगच घास घेईन." तीन दिवस झाले, अन्नाला शिवेना. राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

ते अत्तर सात समुद्रांपलीकडून यायचं, एवढंच त्यानं लहानपणी ऐकलेलं. मग काय, बोलावले परदेशी व्यापारी. पहिल्यानं सोन्याची कुपी उघडली, तर अंगणात मोर नाचायला लागले. दुसऱ्यानं पाचूची उघडली, तर वठलेल्या झाडाला फुलं आली, बरं का! तिसऱ्यानं हिऱ्याची उघडली, तर भिंतीवरची चित्रं शिंकायला लागली. हसू नका, खरं सांगतेय. पण म्हातारीनं तिन्ही वेळा नाक मुरडलं. "हे नव्हे रे बाळा."

त्याच गावात सगुणा अत्तरवाली राहायची. हळदीकुंकवाला घरोघर अत्तर पुरवायची. तिला खरं ठाऊक होतं. थोरले राजे वेश पालटून बाजारात यायचे आणि सगुणाच्या आईकडून मरव्याचं अत्तर न्यायचे. दोन पैशांचं! लढाईत खजिना रिता झालेला, आणि राणीला तर कळू द्यायचं नव्हतं. म्हणून ती समुद्रांची थाप.

आता बोलावं, तर गेलेल्या राजाला खोटं पाडायचं. मान जायची की! गप्प बसावं, तर तिकडे म्हातारी उपाशी. पण मग सगुणा उठलीच. आईच्या कृतीनं केलेल्या अत्तराची काचेची कुपी पदराखाली घेतली आणि गेली दरबारात.

"हे कुठलं?" राजानं विचारलं.

"आपल्याच बाजारातलं, महाराज."

व्यापारी फिदीफिदी हसले. सगुणानं कुपी नाकाशी नाही नेली. हळदीकुंकवाला लावतात तसं म्हातारीच्या मनगटावर चोळलं आणि थांबली. अत्तराला अंगाची ऊब लागते, बरं का. मोर नाही, फुलं नाही, काही नाही. म्हातारीनं हात हुंगला आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "हेच गं बाई, हेच!"

सगुणानं पाय धरले. "माफी असावी, आईसाहेब. हे समुद्रापलीकडचं नाही..."

"मला का ठाऊक नाही? माहेरी हेच लावायची मी," म्हातारी म्हणाली. "पण ते किती रंगवून सांगायचे! गलबत काय, वादळ काय! जन्मभर ऐकलं गं. आता कोण मारणार मला थापा?"

राजा आईच्या पायाशी मांडी घालून बसला, ताट ओढलं, पहिला घास तिच्या ओठांशी नेला.

"आई, काय सांगू तुला, काल एवढं मोठं गलबत आलं..."

म्हातारीनं आ केला. गलबत बंदराला लागेस्तोवर ताट रिकामं झालं.

सगळी मंडळी खाऊनपिऊन सुखात राहिली. झालं. मिटा आता डोळे, दिवा बारीक करते मी.