देइलिया म्हणजे काय

“पण बाबा, देइलिया या ग्रीक शब्दाला नुसतं ‘भीती’ कसं म्हणता येईल?”

एलीशा पाटोळे सेमिनरीत ग्रीक शिकून नुकताच गावी परतला होता. चर्चची जबाबदारी आता त्याच्यावर होती आणि रविवारी तो याच एका शब्दावर संदेश देणार होता. आधीचे पाळक, म्हातारे बर्नबा बाबा, ओट्यावर शेंगा फोडत ऐकत होते.

“पवित्र शास्त्रात भीतीला फोबॉस म्हणतात. देवाचं भय, तेही फोबॉसच. ते चांगलं असू शकतं. देइलिया मात्र कधीच चांगली नाही. तो निव्वळ भित्रेपणा. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेलाच नाही, असं वचनच आहे.”

“मग?”

“मग ज्याच्यात विश्वास आहे तो घाबरणारच नाही. सरळ आहे.”

“छान मांडलंस.” बाबांनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. “खा... याकोबाकडे जाऊन आलास?”

एलीशा दाण्यांची सालं काढू लागला.

याकोब बोर्डेचा तरणा मुलगा उन्हाळ्यात विहिरीत बुडून गेला होता. त्याला पुरून आल्यापासून याकोबाने चर्चकडे पाठ फिरवली. देवाचं नाव काढत कोणी माझ्या दारात आलं तर तंगडं मोडीन, असं त्याने भर रस्त्यात एलीशाला सुनावलं होतं.

“त्यांना एकांत हवा असेल, बाबा.”

“असेल.”

“आणि बोलावलंही नाही त्यांनी.”

“नाही बोलावलं.”

बाबा उठले आणि चपला घालू लागले. चपलेत अंगठा काही जाईना. एलीशाने वाकून बघितलं. त्यांचा पाय थरथरत होता.

“बाबा... तुम्हाला भीती वाटते?”

“फार. परवा माझ्यावर धोंडा उगारला त्याने.”

“मग जाता कशाला?”

“एकटा जेवतो रे तो.”

बाबा चालू लागले. एलीशा धावत त्यांच्या मागे गेला.

याकोबाचं घर टेकाडावर होतं. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात काठी होती. वाटेत एलीशाने सांत्वनाची वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही आठवेना.

“काका,” तो म्हणाला, “मी याआधीच यायला हवं होतं. आलो नाही, कारण... घाबरलो होतो. तुम्हालाही, आणि काय बोलू, यालाही. आत्ताही घाबरलोय.”

याकोब त्याच्याकडे बघत राहिला. त्याने काठी भिंतीला टेकवली.

“दुधाचा नाहीये,” तो म्हणाला. “कोरा चालेल का चहा?”

मग तो मुलाबद्दल बोलला. रडला. मुलाने एकदा मास्तरांची सायकल ओढ्यात घातली होती, ते सांगताना हसलाही. उन्हं कलेपर्यंत तिघे बसून होते. देवाचं नाव कोणीच काढलं नाही. निघताना याकोबाने एलीशाचा खांदा दाबला आणि म्हणाला, “उद्या ये.”

बाहेर पडल्यावर एलीशाने विचारलं,

“बाबा, आता तुम्हीच सांगा. देइलिया म्हणजे नेमकं काय?”

बाबा टेकाडाच्या कडेला थांबले.

“हात दे, बाळा. या उताराची मला फार भीती वाटते.”