नाकतोड्याचं पान

रानात शाळा भरली होती. भिंत नाही, फळा नाही. मालनताई होती आणि तिची पोरं होती. ताईने एक नियम शिकवला होता. अंगावर किडा बसला की हलायचं नाही, बोलायचं नाही. तो घाबरतो बिचारा.

तिथेच एक इवलासा नाकतोडा राहायचा. सागाच्या वाळक्या पानाखाली. तेच त्याचं घर, तीच त्याची सावली.

शाळेतल्या रेणूने ते पान उचललं. डोक्यावर ठेवलं. झाली टोपी!

नाकतोड्याची पाठ उन्हाने चटचट भाजली. तो निघाला, टुणुक टुणुक.

"रेणू, रेणू, माझं पान दे."

रेणू म्हणाली, "मी नाही देत. दुसरी टोपी मिळाली की देईन."

टुणुक टुणुक. गेला सागाकडे.

"सागआजोबा, एक पान पाडा. रेणू पान देईना, मी बसू कुठे?"

साग म्हणाला, "मी नाही पाडत. वारा आला की पाडीन."

टुणुक टुणुक. गेला वाऱ्याकडे. वारा टेकडीमागे लपला होता.

"वारेबुवा, जरा वाहा. साग पान पाडीना, रेणू पान देईना, मी बसू कुठे?"

वारा म्हणाला, "मी नाही वाहत. काय तो पोरांचा कलकलाट! पोरं गप्प बसली की येईन."

टुणुक टुणुक. गेला पोरांकडे.

"पोरांनो, गप्प बसा. वारा वाहीना, साग पान पाडीना, रेणू पान देईना, मी बसू कुठे?"

पोरं म्हणाली, "आम्ही नाही बसत. ताई गप्प बसली की बसू."

टुणुक टुणुक. गेला ताईकडे. ताई काय करत होती? ओरडत होती. "गप्प बसा! ए, गप्प बसा!"

"ताई, तू गप्प बस. पोरं गप्प बसेनात, वारा वाहीना, साग पान पाडीना, रेणू पान देईना, मी बसू कुठे?"

ताईला ऐकूच येईना. कसं येणार? तिचाच आवाज सगळ्यांत मोठा.

नाकतोड्याला रडू आलं. मग त्याने एक उडी घेतली. टुणुक! थेट ताईच्या नाकावर.

ताई हलेना. ताई बोलेना. नियम तिचाच ना! डोळे तेवढे तिरळे झाले.

ताई गप्प बसली, तशी पोरं गप्प बसली. पोरं गप्प बसली, तसा वारा आला, सूं सूं. वारा आला, तसं सागाने पान पाडलं, भिरभिर भिरभिर, टप्प! रेणूला दुसरी टोपी मिळाली. तिने पहिली अलगद खाली ठेवली.

"घे रे बाबा तुझं पान."

नाकतोडा नाकावरून उतरला, टुणुक. पानाखाली शिरला. आहाहा, गार गार.

ताईने मोठ्ठा श्वास घेतला. आणि ओरडली, "शाब्बास! किती शांत बसलात!"

वारा पळाला टेकडीमागे. पळेना का. नाकतोड्याच्या डोक्यावर त्याचं पान होतं.