गोजराबाईच्या नावाची कहाणी

ऐका उंबरठामाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता हातात घ्या, तोंडं मिटा. मागं मोरीवर भांडी वाजतायत, वाजू देत. घासणारीला कुणी ऐकायला बोलावलं नाही, मग दटावू तरी नका.

आटपाट नगर होतं. तिथं एक राणी होती. मनानं चांगली हो, खोटं कशाला बोलू? तिनं राजाला सांगितलं, "जिला पुढंमागं कुणी नाही, तिला दर महिन्याला कोठारातून पायलीभर जोंधळे द्या." राजानं दवंडी पिटवली. कारकुनानं वही घातली. नगरानं राणीचा जयजयकार केला.

त्या नगरात गोजराबाई नावाची एक म्हातारी होती. प्रधानाच्या घरची भांडी घाशी, सावकाराच्या घरची घाशी, राजवाड्यातली घाशी. चाळीस वर्षं घासली. मग हात थकले, कंबर वाकली, काम सुटलं. मग ती कोठाराच्या जोंधळ्यावर जगू लागली. कोरडी का होईना, भाकर हक्काची होती.

एके दिवशी ती कोठाराशी गेली. पिशवी पुढं केली. कारकून म्हणाला, "तुला धान्य नाही. तू मेलीस."

"अगं बाई! कधी?"

"गेल्या पंधरवड्यात. वहीत काट मारलीय."

झालं होतं असं, की तिच्या आळीत भांडी घासणारी दुसरी एक म्हातारी वारली. कारकुनानं विचारलं, कोण गेलं? लोक म्हणाले, ती भांडीवाली म्हातारी. त्यानं वहीत भांडीवाली शोधली, काट मारली, मोकळा झाला. नाव विचारायला सवड कुणाला होती?

गोजराबाई म्हणाली, "अरे बाबा, मी तुझ्यापुढं उभी आहे ना?"

"तू सांगून चालत नाही. तीन घरच्या बायका आण. त्यांनी तुझं नाव घेऊन साक्ष द्यायची. अमावास्येला वही बंद होते."

म्हातारीला हायसं वाटलं. एवढंच ना? चाळीस वर्षं ज्यांची खरकटी काढली, त्यांना नाव ठाऊक नसेल होय? भोळी बिचारी. मग ती तिन्ही दारी गेली. तिघी आल्या, अगदी आनंदानं आल्या.

कारकुनानं विचारलं, "ही जिवंत आहे?" प्रधानीण म्हणाली, "आहे की." "नाव काय?" प्रधानीण म्हणाली, "आम्ही आपलं भांडीवाली म्हणायचो." कारकुनानं मान हलवली.

मग सावकारीण आली. "नाव काय?" "अगं ए म्हटलं की यायची हो." कारकुनानं मान हलवली.

मग राणी आली. "नाव काय?" राणी म्हणाली, "आम्ही हिला मावशी म्हणतो, अगदी प्रेमानं." "मावशीचं नाव?" राणी पदराशी चाळा करू लागली. हसू नका बायांनो. मावशी म्हटलं की नाव विचारायचं राहूनच जातं, नाही का?

राणी ओशाळली. म्हणाली, "असू दे रे, माझ्या वाट्यातलं दे तिला पायलीभर."

गोजराबाईनं हात मागं घेतला. "नको, राणीसाहेब. दान काय, मेलेल्याच्या नावानंही देतात. मला जितीचं पाहिजे." असं म्हणून ती रिकामी पिशवी घेऊन घरी गेली. उंबरठ्यावर बसली. ढसाढसा रडली.

तेव्हा उंबरठामाई म्हातारीच्या रूपानं आली. काठी टेकली, शेजारी बसली. "बाई गं, तुझं नाव काय?"

चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. गोजराबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "गोजरा. आईनं ठेवलं." घरात अर्धी भाकर होती, तिनं त्यातली चतकोर माईला दिली. मग म्हणाली, "माई, मला एखादं व्रत सांग. उपास करीन, अनवाणी चालेन."

माई रागावली. "उपास तर तू करतेच आहेस. सगळी व्रतं तुम्हीच करायची का? हे व्रत तुझं नव्हे. हे त्यांचं." आणि काठी टेकीत निघून गेली.

सकाळ झाली. प्रधान बायकोला हाक मारू गेला, नाव आठवेना. म्हणाला, "अगं ए." सावकाराची पोरं आईला म्हणाली, "कोण बाई तुम्ही?" राजा पूजेला बसला, शेजारी राणी बसली, भटजींनी तिचं नाव विचारलं, राजा डोकं खाजवू लागला. रोज राणीचं नाव घेणारा पोपटही नुसतं विठू विठू करू लागला. राणीला स्वतःचं नाव सांगता येईना. आईनं दिलेल्या भांड्यांवर बघितलं, तर ठिपक्यांनी घातलेलं नाव पुसून गेलेलं.

राणी घाबरी झाली. प्रधानीण घाबरी झाली. सावकारीण घाबरी झाली. नगरभर विचारलं, कुणाला सांगता येईना. तेव्हा वेशीवर माई भेटली. म्हणाली, "ज्या हातांनी तुझं नाव घासलं, त्या हातांना विचार."

राणी अनवाणी धावली. मागून त्या दोघी धावल्या. गोजराबाईच्या दारी येऊन अवघडून उभ्या राहिल्या. गोजराबाई कालच्या चतकोर भाकरीवर होती. तरी उठली, पाट मांडला, म्हणाली, "आत या बायांनो." घरात एकच तांब्या होता, त्यातून पाणी दिलं. राणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाड्यात गोजराबाईसाठी काठ चेपलेला पेला वेगळा ठेवलेला असे, कोनाड्यात.

"मावशी, माझं नाव काय गं?"

"कनकावती," गोजराबाई म्हणाली. "तुमच्या आईनं रुखवतात दिलेलं घंगाळ, त्याच्या काठावर होतं. मला वाचता येत नाही. पहिल्याच दिवशी दासीला विचारून घेतलं. मग राख लावून घासताना रोज बोटाखालून जाई. ह्या प्रधानीणबाई रेवती. ह्या सावकारीणबाई दुर्गा. विसरेन कशी?"

राणीनं तिचे दोन्ही हात धरले. बोटं झिजून गुळगुळीत झालेली. "बाई, माझं नाव तू चाळीस वर्षं उजळलंस. तुझं नाव काय?"

"गोजरा."

मग तिघी गोजराबाईला घेऊन कोठाराशी गेल्या. पहिली म्हणाली गोजराबाई, दुसरी म्हणाली गोजराबाई, तिसरी म्हणाली गोजराबाई जिवंत आहे. कारकुनानं काट खोडली, नवी ओळ लिहिली. गोजराबाईनं पिशवी पुढं केली. पायलीभर जोंधळे मोजून घेतले, एक दाणा जास्त घेतला नाही. घरी जाऊन भाकर थापली, पोटभर जेवली.

मग राणीनं माईला व्रत विचारलं. माई म्हणाली, "दारी राबायला येईल तिला पाट द्यावा, आपल्याच भांड्यातलं पाणी द्यावं, नाव विचारावं, नावानं हाक मारावी. दिल्याचा डांगोरा पिटू नये. या व्रताला उद्यापन नाही." बायांनो, उद्यापन नाही, मग नवी साडीही नाही, म्हणून तोंडं पाडू नका गं.

आता अक्षता टाकायच्या. थांबा, थांबा. मालूवहिनी, मोरीवरची भांडी मघापासून थांबलीत. तुमची ती दाराआड उभी राहून ऐकतेय. काय हो नाव तिचं?

बरं, माना खाली घालू नका. मी दर श्रावणात या घरी कहाणी सांगते, मला तरी कुठं ठाऊक आहे? चला, उठा. पाट मांडा. ये गं बाई आत, तुझं नाव सांग, मगच आमच्या मुठी उघडतील.

गोजराबाईला जशी माई पावली, तशी तुम्हाआम्हां पावो. साठा उत्तरांची ही कहाणी, एका नावाशी सुफळ संपूर्ण.