भिवरा कासारणीनं धरलेला हात

या, आत या. चपला राहू द्या बाहेर, कोणी नेत नाही. आणि अहो, कपाटांकडं लगेच कुठं पळता? आमच्या या लोककथांच्या संग्रहालयात आधी गोष्ट ऐकायची, मग वस्तू बघायच्या. ती मधोमध ठेवलेली बांगड्यांची टोपली दिसतेय ना, तिच्यापासून सगळं सुरू झालं.

फार फार मागं, बाहेरच्या रस्त्याच्या जागी नुसती गाडीवाट होती तेव्हा, इथं भिवरा नावाची कासारीण यायची. बांगडी चढवताना हात दुखतो. म्हणून बाईचा हात धरला की ती गोष्ट सुरू करायची. बाईनं 'हं' म्हटलं की गोष्ट पुढं सरकायची, हुंकार थांबला की भिवराही थांबायची. आणि गोष्ट पुरी होईस्तोवर धरलेला हात सोडायचा नाही, हा तिचा नेम. असं म्हणतात, की तिनं भरलेली बांगडी कधी कुणाला रुतली नाही.

म्हातारपणी तिची नजर गेली. एकदा देवळापुढं ती बांगड्या भरत होती आणि तिच्या शेजारून तुळसा चालली होती. कोवळी पोर हो! नुकताच नवरा गेलेला. तेव्हापासून ती ना धड जेवत होती, ना तोंडातून शब्द काढत होती. "ही पण चालली त्याच्यामागं," म्हणून तिची आई रोज रडायची. भिवरानं सवयीनं हात पुढं केला, हाताला लागलं ते मनगट धरलं आणि म्हणाली, "आटपाट नगर होतं."

मग तिची बोटं मनगटावर फिरली. तिथं बांगडी नव्हती. फोडलेल्या काचेचे ओरखडे होते.

"अगं बये, सोड तो हात!" पाटलीणबाई ओरडल्या. "तिला कुठं बांगड्या भरायच्यात आता? गोष्ट कशाला तिला?"

"का? तिला दुखत नाही होय?" भिवरा म्हणाली.

"सोड म्हणते ना! नाहीतर या गावात कोणी तुझ्यापुढं हात करणार नाही."

भिवरानं हात सोडला नाही. बायका उठून गेल्या. ती तशीच बसून राहिली, हुंकाराची वाट बघत. तुळसा गप्पच. असं म्हणतात, की ऊन तापलं तेव्हा देवळाची सावली उलटी फिरून त्या दोघींवर आली. पारव्यांनी घुमणं थांबवलं, उगाच हुंकार वाटायला नको म्हणून. किती वेळ गेला, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं दिवस मावळला, कोणी म्हणतं पौर्णिमेची अमावस्या झाली.

शेवटी तुळसाच्या घशातून आलं, "हं."

आणि कुणी हात न लावता टोपलीतल्या सगळ्या बांगड्या वाजल्या, असं म्हणतात. तुळसाची आई धावत भाकरी घेऊन आली. एक हुंकार, एक घास, असं करत पोरीनं गोष्ट ऐकली, भाकरी खाल्ली. आणि मग मन भरून रडली हो.

गावानं भिवराकडून बांगड्या भरणं खरंच बंद केलं. तिनं टोपली इथं खाली ठेवली आणि रिकाम्या हातांना गोष्टी सांगायला बसली. आधी तुळसासारख्या बायका मागच्या वाटेनं आल्या. मग म्हातारे आले, पोरं आली, आणि एक दिवस पाटलीणबाईही आल्या, बोडक्या हातांनी. भिवरानं काही न विचारता त्यांचाही हात धरला. तिच्यामागं तुळसानं गोष्टी सांगितल्या, आणि पुढं कधीतरी त्या जागेवर हे घर उभं राहिलं.

म्हणून आजही इथं हात धरल्याशिवाय गोष्ट सांगत नाहीत, आणि हुंकार आल्याशिवाय ती पुढं नेत नाहीत. मागं एक गृहस्थ आले होते. माझ्यासमोर बसले, हात दिला आणि नुसते जमिनीकडं बघत राहिले. संग्रहालय बंद करायची वेळ झाली, हुंकार काही येईना. मग काय, त्या दिवशी आम्ही कुलूपच लावलं नाही.

आणा तुमचा हात. आटपाट नगर होतं...

सावकाश. मला कुठं जायचंय?