न दिसणाऱ्या शेवंतीची गोष्ट

जिथे मावळतीचा सूर्य जरा जास्तच रेंगाळतो, अशा एका गावात एक इवलासा छापखाना होता. तिथे शेवंतीची आई फर्मे दुमडायची. म्हणजे छापून आलेल्या मोठाल्या कागदांना घड्या घालून त्यांची पानं करायची. कागदाची धार बारीक असते हो! आईची बोटं रोज चिरायची. रात्री भाकरी थापताना ती ओठ चावायची.

नऊ वर्षांची शेवंती तिच्या शेजारी बसे आणि रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर चिमुकल्या अक्षरांत गोष्टी लिही. लिहिली की गोणपाटाखाली दडव! कुणी वाचली तर? हसलं तर?

छापखान्याची मालकीण सरूआक्का दरवर्षी मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक काढायची. तिची रीत न्यारीच होती. ज्याला आपली गोष्ट छापून हवी, त्याने कागदाच्या गठ्ठ्यावर उभं राहून ती वाचायची. दुमडणाऱ्या बायकांचे हात थांबले, तर गोष्ट छापायची. हात चालूच राहिले, तर राम राम!

यंदा शेवंतीलाही वाचायचं होतं, आणि तो दिवस उद्यावर आला. पण तिला जेवण जाईना. ती छापखान्यामागच्या बागेत जाऊन बसली. तिथे गुलबक्षीची गुलाबी, पिवळी, ठिपकेदार फुलं नुकतीच उमलत होती. तेवढ्यात बोरीच्या काट्यातून बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं.

बोटाएवढी एक परी! अंगावर मोरपिशी झगा, केसांत दवाचे मणी, आणि रुपेरी पंखाला ही एवढी चीर.

"रडू नकोस हं," शेवंती म्हणाली. तिने पळत जाऊन पुस्तकं चिकटवायची खळ आणली, पातळ कागदाची चिंधी फाडली आणि फुंकर घालत घालत पंख सांधला.

परी भुर्रकन उडाली. बागेत सोनेरी चुरा सांडला.

"गुणी ग माझी! तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐक. दुसऱ्याच्या मनात हात घालायचा नाही. आणि दिलेली इच्छा आपोआप उतरत नाही. उतरवायची तर दुसरी खर्च करावी लागते."

शेवंतीने क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या आईची बोटं बरी होऊ देत. पुन्हा कधी चिरू नयेत."

"झाली. दुसरी?"

"परीताई, माझी गोष्ट सगळ्यांना आवडू दे."

"हे मनात हात घालणं झालं. नाही जमायचं."

शेवंतीचा चेहरा उतरला. "मग उद्या गठ्ठ्यावर मी कुणाला दिसू नये."

"नीट विचार केलास?" परी हळूच म्हणाली.

"केला," शेवंती म्हणाली. कसला केला! भ्यायलेलं माणूस विचार करत नसतं, पळवाट शोधत असतं.

दुसऱ्या दिवशी बारा बायकांच्या बोटांखाली कागद चर्र चर्र वाजत होते. शेवंती गठ्ठ्यावर चढली. कागदासकट कुणालाच दिसेना. तिने वाचायला सुरुवात केली.

"अगं बाई! गठ्ठा बोलतोय की काय!" एक बाई किंचाळली.

गोष्ट होती एका विहिरीची. विहिरीला समुद्र बघायचा होता. पण विहीर चालणार कशी? ती रोज कळशीला विचारायची, दोराला विचारायची. शेवटी एक दिवस तिच्यात टपकन एक थेंब पडला, थेट समुद्रावरून आलेला.

एकेकीचे हात मंदावले. एकेकीचे थांबले.

"कुणाची ग ही गोष्ट?" सरूआक्काने मध्येच विचारलं.

झालं! नाव सांगायचं सोडून शेवंतीने कागदाने तोंड झाकलं.

"माझी!" शाई विकणारे तात्या उठले. दरवर्षी ते वाचत, आणि दरवर्षी बायकांचे हात चालूच राहत. "मी पोटातून बोलतो, म्हणून ओठ हलत नाहीत."

"बरं, मग पोटातून शेवट काढा."

"शेवट..." तात्यांनी मिशी ओढली. "विहिरीचं समुद्राशी लग्न झालं. पंगती उठल्या. जिलबी होती."

बायका हसल्या, आणि चर्र चर्र... हात पुन्हा चालू!

शेवंतीच्या अंगाची लाही झाली. तिची विहीर! तिची एकटी, गप्प, निळी विहीर, आणि तिला हे जिलबी वाढत होते! तिने खिडकीकडे पाहिलं. गुलबक्षीच्या फुलांत परी बसली होती.

"मी सगळ्यांना दिसू दे," शेवंती पुटपुटली.

"ही शेवटची हं. मग लपायला जागा नाही."

"ठाऊक आहे."

लखकन प्रकाश झाला. गठ्ठ्यावर विटका परकर नेसलेली पोर कागद छातीशी धरून उभी! आईच्या तोंडून नुसतं "शेवंते!" एवढंच निघालं.

"ही? एवढीशी?" तात्या खेकसले.

शेवंतीचा आवाज फाटत होता. तरी तिने वाचलं:

"विहिरीने थेंबाला विचारलं, समुद्र कसा असतो रे? थेंब म्हणाला, तुझ्यासारखाच, फक्त फार मोठा. पण त्याच्याकडे तहानलेलं कुणी येत नाही."

अकरा जणींचे हात थांबले. मग आईचेही थांबले.

"छापायची," सरूआक्का म्हणाली. "नाव काय घालू?"

"शे...वंती."

"मोठ्याने सांग! अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला ऐकू जायला हवं."

"शेवंती रखमाबाई!" तिने आईच्या नावासकट ठणकावून सांगितलं.

ती बागेत धावली. "परीताई, माझ्या छातीत अजून धडधडतंय! ते घालव ना!"

"इच्छा संपल्या, राणी," परी हसली. "धडधडू दे. तशातच वाचलंस ना?" तिने शेवंतीच्या कपाळावर दवाचा थेंब ठेवला. गुलाबी, केशरी, रुपेरी प्रकाशाची एक गिरकी झाली, आणि त्यात परी विरघळून गेली.

चार दिवसांनी शाईचा वास येणारा पहिला फर्मा उतरला. आईने तो हातात घेतला, पण दुमडला नाही. आपल्या गुळगुळीत, बऱ्या झालेल्या बोटांनी तिने तो शेवंतीपुढे सरकवला.

"तुझी गोष्ट आहे. पहिली घडी तूच घाल."